सुपरहिरो एकत्र येतात त्या कॉमिकच्या अंकाचं परीक्षण कसं लिहावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एकट्या नायकाच्या अंकापेक्षा टीम-अप अंकाचं परीक्षण वेगळं का?

कारण अशा अंकाला एक जादा प्रश्न विचारावा लागतो: ही मंडळी इथे एकत्र का आली? एकट्या नायकाच्या अंकात तो तिथे का आहे हे सांगावं लागत नाही, घर त्याचंच असतं. टीम-अपमधला दुसरा नायक पाहुणा असतो, आणि पाहुण्याच्या येण्याला काही कारण हवं.

मी अंक वाचून झाल्यावर मनातल्या मनात एकेक नायक काढून टाकतो आणि गोष्ट पुन्हा सांगून पाहतो. गोष्ट जशीच्या तशी उभी राहिली, तर ती जोडी फक्त मुखपृष्ठासाठी जमवलेली होती. गोष्ट कोसळली, तर लेखकानं मेहनत घेतलीय.

1963 च्या 'अ‍ॅव्हेंजर्स'च्या पहिल्या अंकावर हे करून पाहा. हल्कला काढलं की काही उरतच नाही: खलनायक लोकी थॉरला जाळ्यात ओढण्यासाठी हल्कवर आळ आणतो, हल्कच्या तरुण मित्राचा मदतीचा रेडिओ संदेश लोकीच्या करामतीनं भलतीकडे वळतो, आणि म्हणूनच थॉर, आयर्न मॅन, अँट-मॅन आणि वास्प एका जागी येतात. म्हणजे पुढे अनेक दशकं चाललेली टीम एका चुकलेल्या निरोपातून जन्मली. आता अँट-मॅनला काढा. तो असा काय मोठा, असं वाटेल. पण शेवटी लोकीला अडकवतात त्या त्याच्या मुंग्या. तोही निघत नाही.

टीम, टीम-अप आणि क्रॉसओव्हर यांत फरक काय?

टीम म्हणजे कायमचा संघ, जस्टिस लीग किंवा अ‍ॅव्हेंजर्ससारखा. टीम-अप म्हणजे तात्पुरती भेट, एका नायकाच्या अंकात दुसरा येतो आणि काम संपलं की आपल्या वाटेनं जातो. 'मार्व्हल टीम-अप' 1972 ते 1985 या काळात दीडशे अंक चाललं, त्यात बहुतेक वेळा यजमान स्पायडर-मॅन होता. 'डीसी कॉमिक्स प्रेझेंट्स'मध्ये तीच भूमिका सुपरमॅनकडे होती. क्रॉसओव्हर म्हणजे एका मासिकाची गोष्ट दुसऱ्यात शिरणं, कधी कधी तर एका प्रकाशकाची पात्रं दुसऱ्या प्रकाशकाच्या पात्रांना भेटणं.

परीक्षणात हा फरक महत्त्वाचा. टीमच्या अंकात पात्रांची ओळख आधीपासून असते, तिथे नात्यात आज काय नवं घडलं ते पाहायचं. टीम-अपमध्ये ओळख करून देणं, गोष्ट सांगणं आणि निरोप घेणं, सगळं वीस-बावीस पानांत उरकायचं असतं. दोन्हींना एकच मापटं लावलं तर एकावर अन्याय होतो.

आधीचे सगळे अंक वाचलेले असायलाच हवेत का?

नाही. पण तुम्ही किती वाचलेत ते परीक्षणात सांगा. नवख्या वाचकाला अंक कळतो का, हे नवखाच सर्वांत नेमकं सांगू शकतो, आणि ती माहिती मोलाची आहे.

अंक किती वेळा वाचावा?

तीनदा. पहिल्यांदा सरळ, गोष्टीसाठी, हातात पेन न घेता. दुसऱ्यांदा संवादाचे फुगे न वाचता, फक्त चित्रं पाहत. चित्रांवरून गोष्ट कळत असेल तर चित्रकारानं कथा सांगितलीय, कळत नसेल तर त्यानं फक्त उभी राहिलेली माणसं काढलीयत आणि सगळा भार फुग्यांवर आहे. तिसऱ्यांदा हळूहळू, पेन घेऊन.

तिसऱ्या वाचनात मी चौकटी मोजतो. कोण किती चौकटींत आहे, किती चौकटींत बोलतं आणि किती ठिकाणी त्याच्या कृतीनं गोष्ट पुढे सरकते. हे तीन आकडे क्वचितच जुळतात. एखादा नायक चाळीस चौकटींत दिसतो आणि एकही निर्णय घेत नाही. असा आकडा हाती आला की 'अमक्याला न्याय मिळाला नाही' हे मोघम वाक्य लिहावं लागत नाही, कुठे आणि कसा मिळाला नाही ते दाखवता येतं.

मग सगळ्या पात्रांना सारखी जागा मिळाली पाहिजे का?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, आणि त्यामागे मानापमानाची चिंता असते. माझ्या नायकाला कमी चौकटी का, दुसऱ्याचं नाव आधी का.

या प्रकाराची सुरुवात पाहिली तर अडचण किती जुनी आहे ते कळतं. 'ऑल स्टार कॉमिक्स'च्या तिसऱ्या अंकात, 1940 मध्ये, जस्टिस सोसायटी हा नायकांचा संघ पहिल्यांदा जमला. पण जमून काय केलं? मेजाभोवती बसून प्रत्येकानं आपापली हकीकत सांगितली. प्रत्येकाचं प्रकरण वेगळं, चित्रकारही वेगळे. वाटणी काटेकोर होती, आणि त्या अंकात कुणी कुणाच्या खांद्याला खांदा लावून लढलं नाही. वाचकांसाठी हे नायक एकमेकांना ओळखतात एवढीच गोष्ट तेव्हा विलक्षण होती, आणि त्या विलक्षणपणाबद्दल मला त्या अंकाचं मनापासून कौतुक आहे. पण सारखी वाटणी म्हणजे चांगली कथा नव्हे, हे त्याच अंकानं दाखवलं.

वीस वर्षांनी, 1960 च्या 'द ब्रेव्ह अँड द बोल्ड'च्या अठ्ठाविसाव्या अंकात जस्टिस लीग आली. लेखक जस्टिस सोसायटीच्या त्या अंकाचाच, गार्डनर फॉक्स. इथेही प्रकरणं वेगळी आहेत: ग्रीन लँटर्न एकीकडे, वंडर वूमन आणि मार्शियन मॅनहंटर दुसरीकडे, फ्लॅश तिसरीकडे. पण शत्रू एकच आहे, स्टारो नावाचा अवाढव्य तारामासा. सुपरमॅन आणि बॅटमॅन सभासद असूनही जवळजवळ बाजूलाच राहतात. सर्वांत प्रसिद्ध दोघं कडेला, आणि तरी अंक लंगडत नाही, कारण स्टारोला हरवण्याची किल्ली एका साध्या मुलाकडे सापडते. गावातल्या सगळ्यांवर स्टारोचा अंमल चालतो, त्या मुलावर चालत नाही, कारण तो थोड्या वेळापूर्वी हिरवळीवर चुना टाकत होता. तो चुना गोष्ट सोडवतो.

म्हणून मी जागा मोजतो, पण निवाडा जागेवर देत नाही. ज्याला चार चौकटी मिळाल्या आणि त्यातल्या एकीत त्यानं असं काही केलं जे दुसऱ्या कुणाला जमलं नसतं, त्याला न्याय मिळाला. नुसती हजेरी लावणाऱ्यांची खोगीरभरती असेल तर तेही नावं घेऊन लिहा.

नायक भेटतात, गैरसमजातून भांडतात, मग मैत्री होते. हा ठरलेला साचा दोष धरावा का?

साचा हा दोष नाही. 1940 मध्येच आगीचा ह्युमन टॉर्च आणि समुद्राचा नेमॉर एकमेकांशी भिडले होते आणि तेव्हापासून वाचकांना हे पाहायचंच असतं: दोघांत भारी कोण? ते कुतूहल खरं आहे, लेखकानं त्याचा मान राखावा. पाहायचं ते एवढंच, की भांडणातून आपल्याला पात्रांबद्दल काही कळलं का.

1976 मध्ये डीसी आणि मार्व्हल या दोन प्रतिस्पर्धी प्रकाशकांनी मिळून सुपरमॅन आणि स्पायडर-मॅनची भेट छापली. ताकदीच्या हिशोबानं ही लढत होऊच शकत नाही. मग काय केलं? सुपरमॅनचा शत्रू लेक्स लूथर लाल सूर्याच्या किरणांनी स्पायडर-मॅनला तेवढ्यापुरतं बळ देतो. बळ आहे तोवर स्पायडर-मॅन सुपरमॅनला ठोसे मारतो, ते ओसरतं तेव्हा दोघंही थांबतात आणि कुणीतरी आपल्याला खेळवलंय हे ओळखतात. लढाईचं कारण, तिचा शेवट आणि खलनायकाचा डाव, तिन्ही एका धाग्यात ओवलेत. कुणालाही कमीपणा न देता लढत कशी घडवावी, याचा तो धडा मला आजही पटतो.

दुसरं उदाहरण मला त्याहून प्रिय आहे. 2003 साली सुरू झालेल्या चार भागांच्या 'जेएलए/अ‍ॅव्हेंजर्स'मध्ये (जेएलए म्हणजे जस्टिस लीग) बॅटमॅन आणि कॅप्टन अमेरिका समोरासमोर येतात. भोवती सगळे जिवाच्या करारानं लढतायत. हे दोघं काही क्षण एकमेकांचा अंदाज घेतात, हात चाचपून पाहतात आणि थांबतात. दोघांनाही कळतं की ही झुंज लांबेल आणि हाती काही लागणार नाही. मग ते मिळून या सगळ्यामागे कोण आहे याचा शोध घ्यायला निघतात. न झालेली मारामारी दोघांच्या स्वभावाबद्दल इतकं सांगून जाते. असा प्रसंग सापडला की परीक्षणात त्याला पूर्ण परिच्छेद द्या. बाकीच्या दहा ठोशांना एक ओळ पुरते.

मला चित्रकलेतलं कळत नाही. चित्रांबद्दल काय लिहू?

डोळ्यांना दिसतं ते लिहा. शरीररचना आणि परस्पेक्टिव्हचं ज्ञान नसलं तरी चालेल, पण कॉमिकच्या परीक्षणात चित्रांवर शेवटी एक ओळ टाकून मोकळं होणं चालणार नाही. हे म्हणजे गाण्याच्या मैफलीबद्दल लिहिताना फक्त शब्दांचा अर्थ सांगण्यासारखं आहे.

एक पान घ्या आणि त्यावर थांबा. समजा दोन नायक रात्री गच्चीवर पहिल्यांदा भेटतायत, पानावर पाच चौकटी आहेत. पहिल्या चौकटीत आपण कुणाच्या मागे उभे आहोत? ज्याच्या खांद्यावरून आपण पाहतो, त्याची बाजू आपली होते. पाहुणा वरून उतरतोय की दारातून येतोय? दोघांच्या मध्ये काय आहे: मोकळी जागा, पाण्याची टाकी, एखादी आडवी तार? तिसऱ्या चौकटीपर्यंत ती जागा कमी होते का? समजा पाचव्या चौकटीत दोघं एकाच दिशेला पाहतायत आणि संवाद काहीच नाही. तर युती झाली, ती चित्रकारानं केली, लेखकाला शब्द खर्चावे लागले नाहीत. हे सगळं बघायला कुठलंही शिक्षण लागत नाही, फक्त पानावर दोन मिनिटं थांबावं लागतं.

टीम-अपमध्ये अजून एक गोष्ट पाहा: दोन्ही नायक एकाच जगातले वाटतात का? एक सावल्यांत वावरणारा, दुसरा झगझगीत रंगांतला. त्यांना एका चौकटीत आणताना रंगकाम करणाऱ्याची खरी कसोटी लागते. प्रकाश दोघांच्या चेहऱ्यांवर एकाच बाजूनं पडतोय का, एवढं पाहिलं तरी पुष्कळ कळतं. प्रकाश दोन बाजूंनी असेल तर एकाला कात्रीनं कापून चिकटवल्यासारखं दिसतं.

श्रेय कुणाकुणाला द्यायचं?

श्रेयनामावलीत असलेल्या सर्वांना. लेखक, पेन्सिलर (पेन्सिलनं चित्रं काढणारा), इंकर (त्यांवर शाई फिरवणारा), कलरिस्ट (रंग भरणारा), लेटरर (अक्षरं लिहिणारा), संपादक. नावं देणं हे सौजन्य आहेच, शिवाय त्यानं आपली चूकही टळते. माझ्या सुरुवातीच्या एका परीक्षणात मी दाट, खोल सावल्यांबद्दल पेन्सिलरचं तोंडभरून कौतुक केलं होतं. त्याच चित्रकाराचा पुढचा अंक दुसऱ्या इंकरनं केला आणि त्या सावल्या नाहीशा झाल्या. ज्याचं कौतुक करायला हवं होतं त्याचं नाव मी साधं छापलंही नव्हतं. त्याची चुटपुट अजून आहे.

या क्षेत्रात श्रेयाचा इतिहास दुखरा आहे. बॅटमॅन घडवण्यात मोठा वाटा असलेल्या बिल फिंगरचं नाव निर्माता म्हणून अधिकृतपणे छापलं जायला 2015 उजाडलं. तोवर फिंगरला जाऊन चाळीस वर्षं झाली होती. परीक्षण लिहिणाऱ्याच्या हातात एवढं तरी आहे की पूर्ण यादी वाचायची आणि कुणाचं काम काय ते ओळखून लिहायचं.

अक्षरलेखनाबद्दल खरंच लिहायचं?

टीम-अप असेल तर हमखास. चौकटीत सहा माणसं बोलत असताना कोणता फुगा आधी वाचायचा हे तुम्हाला अडखळल्याशिवाय कळलं, तर लेटररनं काम चोख केलंय. फुग्याची शेपटी कुणाकडे जातेय हे शोधावं लागलं तर तेही सांगा.

संवादांची एक सोपी कसोटी आहे. चित्रं झाका आणि फक्त फुगे वाचा. कोण बोलतंय ते ओळखता येतं का? थॉर वेगळ्या, जुन्या वळणाचं बोलतो, कित्येक अंकांत त्याची अक्षरंही वेगळ्या घाटाची असतात, त्यामुळे तो सुटतो. बाकीच्यांचं काय? सगळेच एकसारखे टोमणे मारत असतील, तर सहा पात्रांच्या तोंडून एकटा लेखकच बोलतोय.

खलनायकाचं किती मनावर घ्यायचं?

बरंच. नायक चार असतील तर धोकाही चौघांना पुरणारा हवा, नाहीतर एकाचा पराभव करायला चौघं धावून आले असं दिसतं आणि नायकच लहान होतात. पण धोका मोठा करणं म्हणजे दर वेळी अख्खं विश्व पणाला लावणं नव्हे. चौघांच्या शक्तींपैकी कुणा एकाचीच पुरेशी पडणार नाही अशी गुंतागुंत असली की भागतं. लोकी बलानं मोठा आहेच, पण 'अ‍ॅव्हेंजर्स'च्या त्या पहिल्या अंकात तो पुरतो तो कपटामुळे.

मुखपृष्ठावर लिहावं का?

मुखपृष्ठ हे वचन असतं, तेव्हा ते पाळलं का हे पाहायला हवं. 'वर्ल्ड्स फायनेस्ट कॉमिक्स'च्या मुखपृष्ठांवर 1941 पासून सुपरमॅन आणि बॅटमॅन सोबत हसताखेळताना दिसायचे, आत मात्र दोघांच्या गोष्टी वेगवेगळ्या. 1954 मध्ये पानं कमी करावी लागली, दोन स्वतंत्र गोष्टींना जागा उरली नाही, आणि तेव्हा कुठे एकाहत्तराव्या अंकापासून दोघं एकाच कथेत नियमित एकत्र येऊ लागले. कागदाच्या काटकसरीतून एवढी मोठी मैत्री उभी राहिली! मला हा किस्सा फार आवडतो.

आणि मुखपृष्ठावरची तारीख जपून वापरा. जुन्या अमेरिकन मासिकांवर छापलेला महिना प्रत्यक्ष विक्रीच्या साधारण दोन महिने पुढचा असे. अंक कधी आला हे लिहिताना 'मुखपृष्ठावर अमुक महिना' असं लिहिलं की गोंधळ होत नाही.

फोनवर वाचून परीक्षण लिहिलं तर चालेल?

चालेल, पण पूर्ण पान एकदा तरी पाहा. फोनवर एकेक चौकट मोठी करून दाखवणारी सोय असते. तिच्यात वाचून मी एका अंकातल्या जोडपानाबद्दल लिहिलं होतं की चेहरे सुटे-सुटे आहेत, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. पुढे छापील प्रत हाती आली. डाव्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात एकीनं हात वर केला होता, त्या हाताची रेष दुसऱ्याच्या झग्याच्या काठाला मिळत होती, तो काठ तिसऱ्याच्या झेपेत, आणि नजर आपसूक उजव्या पानाच्या टोकाला, शत्रूपर्यंत पोचत होती. अकरा माणसं एका लाटेत बांधलेली होती. मी ती लाट अकरा तुकड्यांत पाहिली होती. परीक्षण दुरुस्त केलं आणि वर तसं नमूद केलं.

पान उलटण्याचंही तसंच. छापील अंकात मोठा धक्का बहुधा पान उलटल्यावर ठेवलेला असतो. सलग सरकणाऱ्या पडद्यावर तो हरवतो आणि दोष लेखकाच्या माथी जातो.

गोष्ट अर्धवट असेल, अंक मोठ्या मालिकेचा तुकडा असेल, तर?

अर्धवट असणं माफ, रिकामं असणं नाही. वीस पानांच्या अंकात निदान एक प्रसंग पूर्ण व्हावा, एका तरी पात्रानं काहीतरी ठरवावं. पुढच्या अंकाची जाहिरात म्हणून वीस पानं वापरली असतील तर स्पष्ट लिहा. वाचकानं पैसे या अंकाचे दिलेत.

स्पॉयलर, म्हणजे गोष्टीतलं गुपित, कुठवर फोडावं?

मुखपृष्ठावर आणि पहिल्या तीन-चार पानांत जे आहे ते मोकळेपणानं सांगा. अनपेक्षित पाहुणा शेवटच्या पानावर येत असेल तर त्याचं नाव घेऊ नका, अगदी सूचकही नको. त्याचं येणं फळलं की नाही, एवढं नाव न घेताही लिहिता येतं. जुन्या, अनेकदा पुन्हा छापलेल्या अंकांना हा नियम मी लावत नाही.

जुन्या अंकांतल्या खटकणाऱ्या गोष्टींचं काय करायचं?

त्या लिहायच्या, काळाचं भान ठेवून आणि न लपवता. 1942 मध्ये वंडर वूमन जस्टिस सोसायटीत आली ती सचिव म्हणून. त्या टोळक्यात तिच्या तोडीचे फार थोडे होते, आणि पुष्कळ वेळा पुरुष मोहिमेवर निघत आणि ती मागे राही. 'तेव्हा तसंच होतं' म्हणून हे सोडून देणारं परीक्षण अपुरं आहे. अंकाबद्दल प्रेम असलं तरी हे लिहिता येतं, किंबहुना प्रेम असलं की जास्त नेमकं लिहिता येतं, कारण तिला काय करता आलं असतं हे आपल्याला ठाऊक असतं.

तारे किंवा गुण द्यावेत का?

मी देत नाही. द्यायचेच असतील तर कशाबद्दल दिले ते लगेच खाली लिहा.

सुरुवात कुठून करू? कोरा कागद समोर आला की सुचत नाही.

कथानकाच्या सारांशानं करू नका, तो तीन-चार वाक्यांत मध्ये कुठेतरी येऊ द्या. अंक मिटल्यावर जी चौकट डोळ्यांसमोर राहिली, तिच्यापासून सुरू करा. तिच्यात कोण आहे, कुठे उभं आहे, बाकीचे त्या क्षणी काय करतायत ते लिहा. मग ती लक्षात का राहिली हे शोधत पुढे चला. एकही चौकट आठवत नसेल तर अंक पुन्हा उघडा आणि फुगे न वाचता एकदा पाहा. तरीही आठवली नाही, तर तेच तुमचं पहिलं वाक्य.